लष्कराच्या जीपपासून बोलेरोपर्यंत : एका गाडीची वंशावळ



बैल घ्यायचा म्हटला की आपण काय काय पाहतो! दात पाहतो, खूर पाहतो, वशिंड चाचपतो, चार पावले चालवून बघतो. देवणी आहे की लाल कंधारी, कोणाच्या दावणीचा आहे, हेही विचारून घेतो. जनावराचा वंश कळला की त्याच्या कामाचा अंदाज येतो, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले आहे. पण चारचाकी गाडी घ्यायची वेळ आली, की हाच चोखंदळ माणूस नुसत्या नावाला भुलतो. शेजारच्या गावात अमक्याने घेतली, लग्नात नवरदेव तिच्यातून उतरला, एवढ्यावर सौदा ठरतो. वर्षभराच्या कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे त्यात जातात आणि वर हप्ते मागे लागतात.

गाडीलाही वंश असतो. कोणते मॉडेल कोणत्या साली, कोणत्या कामासाठी निघाले, त्यात इंजिन कुठले बसवले, हे समजले तर फसगत टळते. आपल्या परभणी जिल्ह्यात, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत, माणसे ज्या गाडीला सरसकट 'जीप' म्हणतात, ती बहुधा मुंबईच्या महिंद्रा कंपनीची असते. तिचीच वंशावळ आज पाहू.

लढाईत जन्म

जीपचा जन्म आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला, आणि तोही दुसऱ्या महायुद्धातला. चिखल, खडक, वाळू कशातूनही जाईल अशी हलकी गाडी अमेरिकी लष्कराने १९४० साली कारखानदारांकडे मागितली. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळावा, ही मुख्य अट होती. बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दाखवला. पण गाड्या लाखांनी हव्या होत्या, म्हणून मोठे काम ओहायओ राज्यातील टोलेडो गावच्या विलीज कंपनीला आणि फोर्ड कंपनीला मिळाले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या होत्या.

लढाई संपल्यावर एवढे मोठे कारखाने करायचे काय? विलीज कंपनीने १९४५ साली नागरी जीप काढली. तिचे नाव सीजे-२ए. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, सामान्य जनतेची जीप. आणि गंमत अशी की या जनतेत कंपनीच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी होता तो शेतकरी. जीपला नांगर जोडा, मागच्या फिरत्या दांड्यावर मळणी यंत्र चालवा, बाजाराला माल न्या आणि रविवारी त्याच गाडीतून कुटुंबाला प्रार्थनेला न्या, असा तिचा प्रचार होता. जड नांगरटीत ट्रॅक्टरच सरस ठरला, हे पुढे सगळ्यांनी पाहिले. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेती आणि जीप यांचे नाते आज जुळलेले नाही, ते पहिल्या नागरी मॉडेलपासूनचे आहे.

मुंबईतली जोडणी

इकडे भारतात २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार गुलाम मोहम्मद. तेव्हा नाव होते महिंद्रा आणि मोहम्मद. फाळणी झाली आणि मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. मागे राहिलेल्या कंपनीचे नाव १९४८ साली महिंद्रा आणि महिंद्रा असे झाले.

कैलासचंद्र हे युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत राहिले होते. तिथे त्यांनी जीप पाहिली आणि खेड्यापाड्यांच्या, कच्च्या रस्त्यांच्या आपल्या देशाला हीच गाडी हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. आरंभी अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे आणि मुंबईत माझगावला त्यांची जोडणी व्हायची. १९५० च्या दशकात विलीजच्या परवान्याने गाडी इथेच बनवण्याला सुरुवात झाली. हळूहळू एकेक भाग देशी होत गेला आणि कांदिवलीचा कारखाना जीपचे माहेर बनला.

आपल्या वडीलधाऱ्यांनी जी जीप पाहिली, ती सीजे-३बी. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली निघाले. ओळखायची खूण सोपी आहे, बॉनेट उंच. नव्या इंजिनाची उंची जास्त होती, म्हणून वरचे झाकण उचलावे लागले. बाकी सारे साधे : ताडपत्रीचे छत, पुढे मोडता येणारी काच, दरवाजाच्या जागी कापडी पडदा. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांचे सुकाणू डाव्या हाताला होते, कारण मूळ गाडी अमेरिकेची, जिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.

पण ही जीप शेतकऱ्याची नव्हती, सरकारची होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मग तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. तहसीलदार, गटविकास अधिकारी, फौजदार, डॉक्टर, सारे जीपमधून येऊ लागले. धुरळा दिसला की पोरे ओरडत, "जीप आली, जीप आली!" आणि घरातली माणसे विचारात पडत, की आता वसुली आहे की लस टोचणी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी जीप पाहिली, तीही साहेबांचीच. पेट्रोलवर चालणारी ही गाडी पदरमोड करून ठेवणे शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते.

१९६५ साली कंपनीने एफसी-१५० नावाची मालवाहू गाडी काढली. इंजिन चालकाच्या केबिनमध्ये घेतलेले, पुढे बॉनेट नाही आणि मागे मोकळा हौदा. त्याच लांबीत जास्त माल मावावा, हा हेतू. आज मोंढ्यात ज्या पिकअप गाड्यांची रांग लागते, त्यांचे काम त्या गाडीने आधी सुरू केले होते.

ट्रॅक्टरचे काळीज

जीप सरकारी अंगणातून आपल्या वाटेवर कशी आली, ही या वंशावळीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. आपल्याकडेही पेट्रोल एकदम महागले. पेट्रोल पिणारी जीप आता घ्यायची कोणी? कंपनीपुढे पेच पडला. पण उत्तर तिच्या घरातच होते. १९६३ साली अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी आणि व्होल्टास यांच्याबरोबर महिंद्राने ट्रॅक्टरचा कारखाना काढला होता. त्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर निघाला. आपल्या भागात ज्यांनी सुरुवातीला ट्रॅक्टर घेतले, त्यांना हे नाव सांगायला नको. हा ट्रॅक्टर उद्योग पुढे १९७७ साली मूळ कंपनीतच विलीन झाला.

त्या ट्रॅक्टरच्या वंशाचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले गेले. अशी निघाली सीजे-५००डी. तिला वेग कमी, आवाज फार, आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. पण डिझेल स्वस्त आणि इंजिन ओळखीचे. ज्या मिस्त्रीला ट्रॅक्टर उघडता येत होता, त्याला ही जीपही उघडता येऊ लागली. शहरातल्या गॅरेजवरचे अवलंबन संपले. जीप खेड्यात टिकली, त्याचे मोठे कारण हेच.

मात्र ट्रॅक्टरचे इंजिन सावकाश, जोर लावून काम करण्यासाठी असते, लांब पल्ल्याला पळण्यासाठी नव्हे. म्हणून कंपनीने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एका डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि त्याचे उत्पादन इगतपुरीला सुरू केले. १९८५ साली आलेल्या एमएम ५४० या मॉडेलमध्ये ते २११२ सीसीचे प्यूजो इंजिन होते. ही जीप आधीपेक्षा मऊ चालणारी, कमी थरथरणारी. लष्करानेही ती वापरली.

तेव्हापासून या घराण्यात इंजिनाच्या दोन शाखा झाल्या. गाडीच्या मागे लिहिलेल्या अक्षरांवरून त्या ओळखता येतात. 'डीआय' म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, ट्रॅक्टरच्या वळणाची शाखा. यात डिझेलचा फवारा थेट सिलेंडरमध्ये पडतो. ही गाडी आवाज करते, पण डिझेल कमी खाते आणि चटकन सुरू होते. 'डीपी' म्हणजे प्यूजोची शाखा. यात फवारा आधी एका छोट्या कप्प्यात पडून पेट घेतो. ही शांत चालते, पण थंडीच्या सकाळी तिचे हीटर प्लग तापल्याशिवाय इंजिन उठत नाही. जुनी गाडी घेताना ही दोन अक्षरे पाहिली, तरी निम्मी माहिती हाती लागते.

काळी-पिवळीचे दिवस

१९९१ साली कमांडर आली आणि जीप खऱ्या अर्थाने जनतेची झाली. तिची लांबी वाढवली होती आणि मागे समोरासमोर दोन बाके होती. १९९३ साली अर्माडा आली. तिला बंद पत्र्याची बॉडी होती. पाठोपाठ मार्शल आली. याच गाड्यांना काळा-पिवळा रंग लागला आणि फाट्याफाट्यावर त्या प्रवाशांसाठी उभ्या राहू लागल्या.

या गाड्यांनी खेड्यांवर उपकार केले, हे मान्य केले पाहिजे. ज्या गावी एसटी दिवसातून एकदा-दोनदा यायची, तिथली बाळंतीण त्यांच्यामुळे वेळेत दवाखान्यात पोहोचली. तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींची सोय झाली. माळव्याच्या पाट्या घेऊन आठवडी बाजाराला जाणाऱ्या बायांचे पाय वाचले. चार-दोन एकर कोरडवाहू असलेल्या कितीतरी तरुणांना धंदा मिळाला.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आर.सी. बुकात प्रवाशांची संख्या नऊ-दहाच्या घरात लिहिलेली असायची आणि गाडी हलायची ती पंधरा-वीस माणसे बसल्यावर. काही टपावर, काही मागे लोंबकळत. जीप उंच आणि अरुंद असते. टपावर माणसे बसली की तिचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडते. कमानपाट्यांवर आणि ब्रेकवर पडणारा भार ज्या मापाने धरलेला असतो, त्याच्या दुप्पट होतो. या मॉडेलने काही खोटे सांगितले नव्हते. तिची ताकद कागदावर लिहिलेली होती. ती ओलांडली आपण, आणि किंमत घरोघरच्या माणसांनी मोजली. आजही ज्यांच्या घरची गाडी प्रवासी वाहतुकीवर आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. विमा असतो तो परवानगीएवढ्या प्रवाशांचा. अपघात झाला तर वरच्या माणसांची भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते, आणि त्यात जमीन जायची वेळ येते.

बोलेरो आणि स्कॉर्पिओ

१९९१ नंतर सरकारी धोरण सैल झाले आणि नव्या गाड्यांना दारे उघडली. १९९४ साली टाटांची सुमो आली, २००० साली टोयोटाची क्वालिस. बसायला आरामशीर, आत गरम होत नाही, धूळ येत नाही. महिंद्राला हालचाल करणे भाग होते. त्यांनी अर्माडाच्या सांगाड्याला नवे रूप दिले आणि २००० साली बोलेरो काढली. म्हणजे बोलेरो ही या जुन्या घराण्याचीच नात. चौकोनी तोंड, कमानपाटे, सोपी दुरुस्ती. नाशिकला बनणारी ही गाडी खेड्याच्या मनात इतकी बसली की वीस वर्षांनंतरही तिचे रूप फारसे बदलले नाही.

२००२ सालची स्कॉर्पिओ मात्र वेगळ्या वाटेने आली. परदेशी कंपनीचे मॉडेल आणून जोडण्याऐवजी कंपनीच्या अभियंत्यांनी ती मुळापासून आखली. पवन गोएंका यांनी या कामाचे नेतृत्व केले. ट्रॅक्टर आणि जीप बनवणारे लोक मोटारगाडी काय करणार, अशी शंका घेणाऱ्यांना तिने उत्तर दिले.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. खाली शिडीसारखा भक्कम लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. बैलगाडीच्या दांड्यांवर वरची चौकट बसवतात, तशीच ही रीत. ओझे आणि खड्डे यांना हा सांगाडा चांगला तोंड देतो. २०११ साली आलेल्या एक्सयूव्ही ५०० पासून कंपनीने दुसऱ्या जातीच्या गाड्याही काढल्या. त्यांत सांगाडा आणि बॉडी एकच असते. त्या डांबरी रस्त्यावर सुखाने पळतात, पण बांधावरून खताची पोती नेण्यासाठी त्या नव्हेत. दिसायला दोन्ही उंच, दोन्ही रुबाबदार. फरक पोटाखाली आहे.

थार : गरजेकडून हौसेकडे

२०१० साली कंपनीने जुन्या जीपचे रूप घेऊन थार काढली. कंपनीच्या गाड्यांची नावे बहुधा 'ओ' ने संपतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो ही त्यातलीच. थार हे नाव त्याला अपवाद आहे. २०२० साली २ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीला ७५ वर्षे झाली त्याच दिवशी, नवी थार बाजारात आली. तिच्या पहिल्या गाडीचा लिलाव कोरोनाच्या मदतकार्यासाठी झाला आणि बोली लागली १ कोटी ११ लाख रुपयांची. २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स आली.

ज्या जीपचे मोल एकेकाळी चिखलातून निघण्यात होते, तिचे मोल आता दिसण्यात आले. यात वाईट काही नाही, हौसेलाही मोल असते. पण घेणाऱ्याने आपण हौस घेतो आहोत की काम घेतो आहोत, हे स्वतःला विचारावे. २०२३ पासून थार फक्त मागची चाके ओढणारीही मिळते. बोलेरोही साधारणपणे मागच्या चाकांवरच चालते. जीपसारखी दिसली म्हणजे चारही चाके ओढतात, असे समजू नये. आणि चारही ओढत असली, तरी आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गुळगुळीत टायरची गाडी रुतायची ती रुततेच.

आणखी एक योगायोग. 'जीप' हे नाव आता वेगळ्याच कंपनीकडे आहे, आणि त्या नावाची गाडी २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. महिंद्राने २०१८ साली आपली जुन्या वळणाची गाडी 'रॉक्सर' नावाने अमेरिकेत शेतावरच्या वापरासाठी विकायला सुरुवात केली. रूप आमचे चोरले, म्हणून अमेरिकी कंपनी भांडली, आणि २०२० साली रॉक्सरचे रूप बदलावे लागले. नातू आजोळी गेला आणि वाटणीचा दावा लागला, अशातला प्रकार!

घेताना काय पाहावे

आता कामाचे बोलू. जुनी असो वा नवी, गाडी घेण्याआधी पुढील गोष्टी घरात बसून ठरवाव्यात.

१) काम आधी, मॉडेल नंतर. माल जास्त असेल तर पिकअप. माणसे आणि थोडा माल असेल तर बोलेरोसारखी गाडी. वर्षातून चार वेळा गावाला जायचे असेल, तर भाड्याची गाडी हप्त्यापेक्षा स्वस्त पडते. कागदावर मांडून पाहा.

२) जुन्या गाडीचा सांगाडा खाली वाकून पाहा. नुसत्या रंगाला भुलू नका. वेल्डिंगचे ठिगळ, खोलवर चढलेला गंज किंवा वाकलेला दांडा दिसला, तर सौदा सोडा. सोबत ओळखीचा मिस्त्री न्या.

३) चॅसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. प्रवासी किंवा मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, ते विचारा.

४) कर्जाचा बोजा बुकावर असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर एमएच-२२ चा नसेल, तर मूळ कार्यालयाचा दाखला मागा.

५) गाडी नावावर करून घ्यायला टाळाटाळ करू नका. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे अर्ज असतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी विकूनही नाव आपलेच राहिले आणि अपघात झाला, तर नोटीस आपल्याच दारी येते.

६) नवी गाडी घेताना सुरक्षेचे तारे विचारा. हे तारे धडक देऊन केलेल्या चाचणीत मिळतात. २०२० च्या थारला पाचांपैकी चार तारे मिळाले, तर त्याच कंपनीच्या बोलेरो निओला २०२४ च्या चाचणीत एकच तारा मिळाला. घराणे एक म्हणून गुण एक, असे नसते.

७) १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले. त्यानंतरच्या इंजिनात संगणकाचा भाग मोठा आहे. ती गाडी गावच्या मिस्त्रीच्या पान्याने उघडणार नाही. जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र किती कोसांवर आहे, ते आधीच पाहून ठेवा.

शेवटी एवढेच. बायकामाणसांना विचारल्याशिवाय सौदा करू नका. गाडीत दवाखान्याला जायचे त्यांना, लेकरे घेऊन माहेरी जायचे त्यांना, आणि हप्ता चुकला तर घरखर्चाला कात्री लावायची तीही त्यांनाच. मॉडेले येतील आणि जातील. उंच बॉनेटची सीजे गेली, कमांडर गेली, मार्शल गेली. ज्यांनी आपल्या कामाला जोडेल ती गाडी घेतली, तिच्या ताकदीएवढेच ओझे लादले आणि कागद नीट ठेवले, त्यांच्या दारातल्या गाडीने मात्र त्या त्या काळात संसाराला हातभार लावला. दारात उभी राहणारी गाडी आपल्याला ओढणारी असावी. तिला ओढत बसायची पाळी आपल्यावर येऊ नये.